किती गोलांनी हरलो?

सूरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना, भेस्तान ही स्थानके मागे टाकीत सचिनला येते. फलाटावरील पाटी वाचून डब्यातला नवखा प्रवासी हटकून हसतो आणि शेजाऱ्यालाही ती दाखवितो. २०२३ साली खुद्द सुनील गावसकरांनाही या पाटीजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेण्याचा मोह आवरला नाही. वस्तुतः गावाचे नाव त्या विख्यात फलंदाजाहून पुष्कळच जुने. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका वारसाला १७९१ साली पेशव्यांच्या मध्यस्थीने हा मुलूख मिळाला आणि सचिन हे एक लहानसे संस्थान झाले. परंतु नावाचा महिमा असा, की येथे खेळ म्हटला म्हणजे क्रिकेटच, असे सारे गृहीत धरतात. म्हणून या महिन्यात आम्ही फुटबॉलवर लिहिणार आहोत, हे पाहून आमच्या नेहमीच्या वाचकांस नवल वाटेल. त्याला कारण घडले ते असे.

गेल्या महिन्यात एके संध्याकाळी एक तरुण आमच्या घरी आला. वडील येथील कापड रंगविण्याच्या कारखान्यात होते, घराणे मूळचे खानदेशातले. मुलगा आता नोकरीला लागला आहे आणि रविवारी सकाळी वसाहतीतल्या लहान मुलांना फुटबॉल शिकवितो. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली. मग तो म्हणाला, "काका, मुलांचा एक सामना ठरवायचा आहे. समोरचा संघ आपल्यापेक्षा बराच चांगला आहे. तुम्ही मोठी माणसे असलात तर बरे. पण एक कबूल करा. काही झाले तरी सामना पुरा होऊ द्यायचा."

तो कशाविषयी बोलत होता, हे आम्हांस तत्काळ उमगले आणि हातातला कप खाली ठेवावा लागला.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मंडळाने उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी खेळांचा कार्यक्रम योजिला होता. कोणीतरी सुचविले, की शहरात शिकवणी घेऊन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा एक संघ येण्यास तयार आहे, त्यांच्याशी आपल्या मुलांचा सामना लावावा. आम्ही व्यवस्थापक होतो. फार विचार न करता होकार दिला. आमची मुले दहा-बारा वर्षांची, बरीचशी त्या दिवशीच प्रथम पूर्ण मैदानावर उतरलेली. समोरची मुले वयाने एखाद-दोन वर्षांनी मोठी, पायांत योग्य बूट, अंगावर एकसारखे सदरे. मध्यंतरापर्यंत आमच्यावर नऊ गोल झाले.

मध्यंतराला लिंबाचे सरबत वाटता वाटता मोठ्या मंडळींची कुजबूज सुरू झाली. मुलांच्या मनावर परिणाम होईल, असे एक गृहस्थ म्हणाले. शहरातले लोक उगाच हसताहेत, असे दुसऱ्यांना वाटले. अखेर आम्हीच पुढे झालो, ऊन फार झाल्याचे कारण सांगितले आणि सामना तेथेच थांबविला. पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिला. आपण मुलांची अब्रू राखली, याचे समाधान मानून आम्ही खुर्च्या मोजू लागलो.

तेव्हा आमचा गोलरक्षक जवळ आला. हातांत वडिलांच्या कारखान्यातले जाड कापडी मोजे, गुडघे फुटलेले. त्याने विचारले, "काका, आपण किती गोलांनी हरलो?"

आम्ही म्हणालो, "हरलो कुठे? सामना पुरा झालाच नाही. झालाच नाही असे समज."

तो थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "पण मी सहा अडवले होते."

हाच तो मुलगा. त्या सहांचे काय झाले, याचे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले नाही आणि पुढेही दिले नाही. ते देण्याचा प्रयत्न म्हणून, त्याच्या भेटीनंतर, एकतर्फी सामन्यांच्या इतिहासाची थोडी पाने आम्ही चाळली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील सर्वांत मोठ्या पराभवाची नोंद ११ एप्रिल २००१ या दिवसाची आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील कॉफ्स हार्बर या समुद्रकाठच्या गावी, २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआचा ३१–० असा पराभव केला. दोनच दिवसांपूर्वी, त्याच गावी, ऑस्ट्रेलियाने टोंगावर २२ गोल चढवून नवा विक्रम केला होता. तो जेमतेम अठ्ठेचाळीस तास टिकला. आर्ची थॉम्प्सन या एकट्या खेळाडूने १३ गोल केले. एका आंतरराष्ट्रीय सामन्यात एकाच खेळाडूने केलेल्या गोलांचा तोही विक्रमच ठरला. त्याचा जोडीदार डेव्हिड झड्रिलिक याचे ८ गोल या गर्दीत झाकोळून गेले. गोल इतक्या वेगाने होत होते, की गुणफलक सांभाळणाऱ्याचीही मोजदाद चुकली. फलकावर ३२ चा आकडा लागला, आणि मागाहून नोंदी ताडून पाहिल्यावर तो ३१ असा दुरुस्त करण्यात आला.

आकडा वाचून प्रथम हसू येते. अमेरिकन सामोआ हा प्रशांत महासागरातील काही बेटांचा समूह. तेव्हा तेथील लोकसंख्या साठ हजारांच्याही आत होती. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावीही याहून अधिक माणसे नांदतात. तथापि एवढ्याने ३१ गोलांचा उलगडा होत नाही. त्यामागे एक कागद होता. खेळाडूंपाशी अमेरिकेचे पारपत्र असले पाहिजे, असा दंडक स्पर्धेच्या तोंडावर पुढे आला आणि ठरलेल्या वीस जणांच्या संघातून केवळ एक जण पात्र उरला. तो म्हणजे गोलरक्षक निकी सलापू. तरुणांच्या संघातून मुले आणावीत, तर त्यांतील कित्येकांच्या शाळेच्या परीक्षा नेमक्या त्याच वेळी आल्या. अखेर जी मुले मिळाली ती घेऊन संघ उभा करण्यात आला. सरासरी वय अठराच्या आसपास, तिघे तर पंधरा वर्षांचे. मध्यंतराला १६–० अशी स्थिती होती.

मध्यंतरानंतर ती मुले पुन्हा मैदानात आली, आणि आमचे मन येथे अडखळले. सोळा गोल झाल्यावर पुढच्या पंचेचाळीस मिनिटांत काय वाढून ठेवले आहे, हे त्यांस ठाऊक नव्हते असे नाही. तरी ती आली आणि आणखी पंधरा गोल सोसून शेवटच्या शिट्टीपर्यंत उभी राहिली. सामना संपायला चार-पाच मिनिटे उरली असता त्यांनी एकदा ऑस्ट्रेलियाच्या गोलावर फटका मारला. तो अडविला गेला, पण त्या सामन्यातील त्यांचा एकुलता प्रयत्न म्हणून त्याची नोंद झाली. ३१ गोलांच्या यादीशेजारी ती एक ओळ आहे. सामना मध्यंतराला संपविला असता तर ती नसती.

येथे कोणी विचारील, की जिंकणाऱ्यांनी हात आखडता घ्यायला काय हरकत होती? प्रश्न रास्त आहे. आपल्या परिचयाच्या बऱ्याच खेळांत एकतर्फीपणाला वाट काढून दिलेली असते. क्रिकेटमध्ये कर्णधाराला डाव घोषित करता येतो. कुस्तीत गुणांचे अंतर ठरावीक मर्यादेपुढे गेले, की पंच लढत थांबवितो. खो-खोमध्ये मोठी आघाडी घेणाऱ्या संघाला प्रतिस्पर्ध्यावर फॉलोऑन लादता येतो. फुटबॉलने अशी पळवाट ठेवलेली नाही. नव्वद मिनिटे म्हणजे नव्वद मिनिटे. त्यातून गटात गुण समान झाले, तर केलेल्या आणि झालेल्या गोलांमधील फरक पाहिला जातो, म्हणून जिंकणाऱ्यालाही थांबण्याची सोय नसते. शिवाय मुद्दाम न खेळणे, चेंडू नुसता इकडून तिकडे फिरविणे, हा दुबळ्या संघाचा अधिक मोठा अपमान, असे मानणारे पुष्कळ आहेत. आम्हांसही आता तसेच वाटते. ज्याच्याशी आपण मनापासून खेळतो, त्याला आपण निदान खेळाडू तरी समजतो.

परंतु हरणाऱ्याने मैदान सोडले तर काय होते, याचेही एक उदाहरण आहे. त्यासाठी फुटबॉल क्षणभर बाजूस ठेवून पुण्यास जावे लागेल, आणि गंमत अशी, की त्या गोष्टीत एक बाजू महाराष्ट्राची, तर दुसरी आपल्या या गुजरातेतल्या काठेवाडची आहे.

१९४८ चा डिसेंबर महिना. पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडकाचा महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड हा सामना. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. के. व्ही. भांडारकरांनी २०५ धावा करून त्यांस साथ दिली होती. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या तेव्हा डॉन ब्रॅडमन यांच्या नावावर होती, नाबाद ४५२. बरोबरीस ९ धावा कमी, विक्रमास १०. अशा वेळी खेळ विश्रांतीसाठी थांबला. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब होते. महाराष्ट्राने डाव घोषित करावा, नाही तर आम्ही निघतो, अशी भूमिका त्यांनी घेतली. दोन षटके पुरे, अशी विनवणी झाली, ती त्यांनी मानली नाही. काठेवाडचा संघ सामना सोडून निघून गेला. निंबाळकर ४४३ वरच राहिले.

आपल्या संघाच्या नावे असला विक्रम लागू नये, हा ठाकोरसाहेबांचा हेतू होता, असे सांगतात. परिणाम नेमका उलटा झाला. तो विक्रम घडला असता, तर गोलंदाजी करणारा संघ कोणता, हे आज फार थोड्यांना आठवले असते. ब्रॅडमन यांचे ४५२ कोणत्या संघाविरुद्ध झाले, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? मात्र काठेवाड मैदान सोडून गेला, ही गोष्ट पाऊणशे वर्षांनीही सांगितली जाते. निंबाळकरांवर अन्याय झाला, हे तर खरेच. ते कोल्हापूरचे, बडोद्याच्या संघाकडूनही खेळलेले. भारताकडून कसोटी खेळण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही, आणि २०१२ च्या डिसेंबरात, वयाची त्र्याण्णव वर्षे पुरी होण्यास एक दिवस असताना, ते निवर्तले. परंतु आम्हांस आता काठेवाडच्या त्या इतर खेळाडूंचाही विचार येतो. उन्हात धावून त्यांनी जे चेंडू अडविले असतील, त्यांच्याविषयी त्यांना कोणी विचारले होते का? अब्रू राखण्याचा निर्णय ठाकोरसाहेबांचा होता. आमच्या मैदानावर तो आमचा होता. ठाकोरसाहेबांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही, एवढे तरी येथे कबूल करावयास हवे.

आता कॉफ्स हार्बरकडे परत वळू, कारण त्या गोष्टीला पुढे दोन शेवट आहेत.

पहिला ऑस्ट्रेलियाचा. दोन सामन्यांत ५३ गोल करणारा हा संघ २००२ च्या विश्वचषकात पोहोचलाच नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये उरुग्वेशी त्यांची गाठ पडली. मेलबर्नला ऑस्ट्रेलिया १–० ने जिंकला आणि माँटेव्हिडिओला ०–३ असा हरला. एप्रिलमध्ये साठविलेले गोल नोव्हेंबरात उपयोगी पडत नाहीत. पुढे अशा जोड्या लागू नयेत म्हणून प्रशांत महासागरातील देशांच्या पात्रता फेरीची रचना बदलण्यात आली आणि लहान संघांच्या आपापसांत आधी लढती होऊ लागल्या. स्वतः ऑस्ट्रेलियाही २००६ साली आशियाई फुटबॉल महासंघात गेला. म्हणजे त्या ३१ गोलांतून शहाणपण घेतले ते आयोजकांनी.

दुसरा शेवट सलापूचा. त्या स्पर्धेतील चार सामन्यांत अमेरिकन सामोआवर एकूण ५७ गोल झाले आणि त्यांचा एकही झाला नाही. कोणीही हातमोजे खुंटीला टांगले असते. परंतु २०११ च्या नोव्हेंबरात सामोआतील आपिया येथे, पुढच्या एका विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, अमेरिकन सामोआच्या गोलात पुन्हा निकी सलापूच उभा होता. समोर टोंगाचा संघ. अमेरिकन सामोआने तो सामना २–१ असा जिंकला. जागतिक फुटबॉल संघटनेत १९९८ साली दाखल झाल्यापासून तिच्या स्पर्धेतील तो त्यांचा पहिला विजय होता. त्याच संघातील बचावपटू जाया सेलुआ ही विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात खेळलेली पहिली उघड तृतीयपंथी खेळाडू म्हणून ओळखली जाते. या संघावर पुढे माहितीपट निघाला, चित्रपटही झाला. दहा वर्षे सलापूने जे ओझे वाहिले, ते कोणी त्याच्यापासून लपविले नव्हते. ते ३१ होते, ३२ नव्हते, हेही त्यास पक्के ठाऊक होते. ज्याचा आकडा माहीत असतो, ते ओझे एक दिवस उतरविता येते.

हे सारे परक्या समुद्रांवरचे झाले, असे कोणी म्हणेल. पण आपल्याही देशाच्या फुटबॉलला अशी एक जखम आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५ जुलै रोजी भारत युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा हरला. आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळले, आणि फिनलंडची थंडी व ओलसर मैदान त्यांच्या पायांना नवे होते. एकमेव गोल अहमद खानचा, तोही सामना संपत आला असताना. (त्याच हेलसिंकीत आठ दिवसांनी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, हे सूज्ञ वाचकांस सांगावयास नको.) दहा गोलांचा तो आकडा घेऊन आपले खेळाडू परतले आणि त्यातून एक साधी गोष्ट घडली. बूट घालून खेळणे सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसोझा या, मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत खेळणाऱ्या, तरुणाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. आपण १–४ असे हरलो खरे, पण त्या सामन्यात पहिला गोल भारताचा होता, आणि तोही डिसोझाचाच. दहावरून चारावर येणे, ही प्रगती ज्याने दहा मोजले त्यालाच कळते.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण तर आपल्या मुंबईचेच आहे. २०२२ च्या आरंभी महिलांच्या आशियाई चषकाची स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे झाली. २१ जानेवारीस अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी इंडोनेशियाचा १८–० असा पराभव केला. मध्यंतरास ९–० अशी स्थिती होती. आमच्या त्या सामन्याचाही मध्यंतराचा आकडा तोच, म्हणून तो वाचताना आम्ही थबकलो. कर्णधार सॅम केर हिने पाच गोल केले आणि टिम केहिलचा ५० गोलांचा आकडा ओलांडून, पुरुष व महिला धरून ऑस्ट्रेलियाची सर्वांत जास्त गोल करणारी खेळाडू होण्याचा मान मिळविला. इंडोनेशियाच्या मुली तेहतीस वर्षांनी या स्पर्धेत परत आल्या होत्या. त्या मध्यंतरानंतर मैदानात उतरल्या. पुढे थायलंडकडून ०–४ आणि फिलिपीन्सकडून ०–६ अशा हरल्या, पण ठरलेले तिन्ही सामने त्यांनी पुरे केले.

त्यानंतर नवव्या दिवशी, ३० जानेवारीस, पुण्याच्या बालेवाडीत ऑस्ट्रेलियाची गाठ दक्षिण कोरियाशी पडली. सामना संपत आला असता जी सो-युन हिने एक गोल केला, आणि अठरा गोल करणारा संघ त्या एका गोलाने स्पर्धेबाहेर गेला.

याच स्पर्धेत यजमान भारताचे जे झाले, ते अधिक विलक्षण. २० जानेवारीस आपल्या मुलींनी इराणशी ०–० अशी बरोबरी केली. लगेच संघात करोनाची साथ शिरली, २३ तारखेच्या सामन्यासाठी पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि भारताला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. नियमाप्रमाणे इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. त्या मुली नव्वद मिनिटे झुंजल्या होत्या, पण स्पर्धेच्या तक्त्यात त्याची खूण उरली नाही. अठरा गोल झालेला इंडोनेशिया तक्त्यात राहिला. एकही गोल न झालेला भारत राहिला नाही. यात दोष कोणाही खेळाडूचा नव्हता, हे उघडच आहे. पण खेळलेला खेळ पुसला जाणे म्हणजे काय, हे त्या दिवशी देशाला कळले. आमच्या वसाहतीतल्या एका मुलाला ते आधीच कळले होते.

वाचकांनी आमचे म्हणणे असे समजू नये, की मार खात उभे राहणे हाच काय तो पुरुषार्थ. मूल दुखावले असेल, ऊन खरोखरच असह्य असेल, समोरचे दांडगाई करीत असतील, तर खेळ थांबविणे हे मोठ्यांचे कर्तव्यच आहे. आमच्या बाबतीत यांतले काहीही नव्हते. उन्हाचे कारण आम्ही शोधून काढले होते. हसण्याची लाज वाटली ती आम्हां मोठ्यांना. मुले सरबत पिऊन पुन्हा उभी राहिली होती. त्यांना विचारावे, हे आम्हां दहा-बारा शहाण्यांपैकी एकासही सुचले नाही.

आणि खरी चूक तर त्याहूनही आधीची. सामना लावताना आम्ही वय पाहिले नाही, सराव पाहिला नाही. आपल्या कार्यक्रमाला शोभा येईल, एवढेच पाहिले. जोडी योग्य लावणे हे मोठ्यांचे काम. ते आम्ही केले नाही, आणि लागलेली जोडी निभावणे हे मुलांचे काम, ते मात्र त्यांच्या हातून काढून घेतले. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना 'लोक काय म्हणतील' ही धास्ती जरा जास्तच असते. चार परक्यांपुढे आपल्या मुलांची फजिती होऊ नये, म्हणून आपण कितीतरी गोष्टी मध्येच थांबवितो. गुजराती माध्यमातल्या वक्तृत्वस्पर्धेतून नाव काढून घेतो, गाण्याच्या परीक्षेला यंदा नको म्हणतो. मूल नापास होत नाही, खरे. पण कितीने कमी पडलो, हे त्याला कधीच कळत नाही, आणि किती जमले होते, हेही कळत नाही.

हे सारे त्या तरुणापुढे आम्ही बोलून दाखविले. तो मोकळेपणाने हसला. म्हणाला, "काका, मला राग नव्हता. फक्त माझे सहा कुठे लिहावेत, ते कळत नव्हते."

या वेळची व्यवस्था त्याने विचारपूर्वक केली आहे. दोन्ही बाजूंची मुले बारा वर्षांखालची, मैदान लहान, डाव वीस-वीस मिनिटांचे, वेळ सकाळी सातची, म्हणजे उन्हाचे निमित्त कोणास मिळू नये. तरीही आपली मुले हरण्याचाच संभव अधिक, असे तो प्रांजळपणे सांगतो. आम्हांस त्याने एक काम नेमून दिले आहे. मैदानाच्या कडेला पाटी आणि खडू घेऊन बसावयाचे. पाटीवर दोन रकाने आखावयाचे, एक झालेल्या गोलांचा, दुसरा अडविलेल्या गोलांचा. कॉफ्स हार्बरच्या फलकावर झाली तशी चूक होऊ नये, म्हणून आम्ही चश्म्याचा नंबर तपासून घेतला आहे. मोठ्या मंडळींनाही बजावून ठेवले आहे, की मध्यंतरात सरबत वाटावे, सल्ले वाटू नयेत.

सामना येत्या रविवारी आहे. तोपर्यंत हा मजकूर छापखान्यात गेलेला असेल. निकाल पुढील अंकी कळवू. आकडा कोणताही असो.